दादाला तारा करू नका

ताई, तुमचं हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिल्यांदा रात्री एका बैठकीत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. गोष्ट अशी: यवतमाळकडचं लहान गाव, तिसरीतली आठ वर्षांची मुलगी, चौथीतला भाऊ श्रावणात वावरात साप चावून जातो, घर कोसळतं, आणि शेवटच्या पानावर भाऊ आभाळातला तारा होऊन बहिणीकडे पाहत डोळे मिचकावतो. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. इतकं दुःख मुलांच्या हाती द्यावं का, कारण एका प्रकाशकानं ‘विषय जड आहे’ म्हणून परत पाठवलं. मरण किती दाखवावं. आणि शेवट जमलाय का.

पहिल्या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. द्यावं. वर्ध्याकडे आणि यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं, आणि घरातलं मरण कुणीच पाहिलेलं नाही असा वर्ग मला एकदाही मिळाला नाही. कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचं पाळण्यातलं भावंड. विषय जड जातो तो वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांना. त्यांचा गळा दाटतो आणि मग ते म्हणतात, मुलांना झेपणार नाही.

आता खरी अडचण. तुमच्या गोष्टीत माय रडते आणि मुलगी बघते. मी मोजलं. पहिल्या चाळीस पानांत माय अकरा वेळा रडते, बाप तीनदा भिंतीला टेकून बसतो, आजी ऊर बडवते. मुलगी दाराआडून बघते, ओसरीवरून बघते, खिडकीतून बघते. गोष्ट मोठ्यांचीच राहिली, फक्त कॅमेरा खाली ठेवलाय. गावात खरंच असं होतं, हे मला मान्य आहे. लेकरू गेलं की येणारी प्रत्येक बाई मायच्या गळ्यात पडते, प्रत्येक माणूस बापाजवळ बसतो. मागं राहिलेल्या लेकराला कुणीतरी शेजारी नेऊन बसवतं, हातात बिस्किटाचा पुडा देतं, आणि तेरवीपर्यंत त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. भाऊ तर गेलाच, माय-बापही काही महिने घरात असून नसल्यासारखे. गावानं जिच्याकडे पाहिलं नाही तिच्याकडे पुस्तकानं तरी पाहावं, एवढीच माझी मागणी आहे.

आणि तुमचा दादा. अभ्यासात पहिला, बहिणीला खांद्यावर घेणारा, आपल्या वाट्याचं सीताफळ तिला देणारा, म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणारा. (आपल्या गावात रस्ता ओलांडायला हात धरावा लागेल इतक्या गाड्या कुठून आल्या?) असा पोरगा मी ३१ वर्षांत पाहिला नाही. चौथीतला पोरगा बहिणीची वही लपवतो, वेणीत गोखरू अडकवतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी फिरवून मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मोजताना तिचे दोन रुपये ढापतो, आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावला की त्याच्या अंगावर धावून जातो. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये ही आपली रीत तेराव्याला ठीक आहे. गोष्टीत तिनं घात होतो, कारण वाचणाऱ्या मुलाला हा दादा ओळखीचाच वाटत नाही. ओळख नाही तर तो गेल्याचं काय वाटणार?

आईबाप जाणं आणि भावंड जाणं यांतला फरक इथेच आहे. भावंडाशी रोजचा हिशेब असतो. कुणाला किती, कुणाची पाळी, कुणी आधी, कुणी कुणाची खोडी काढली. तो हिशेब एका सकाळी अर्धाच तुटतो. दोन रुपये द्यायचे राहिले ते राहिलेच. मुलीचं दुःख लिहायचं तर त्या दोन रुपयांपासून सुरुवात करा. म्हणजे पहिल्या पानावर तिरडी नको. पहिली वीस-पंचवीस पानं दादा जिवंत हवा, दांडगाई करत.

यातूनच एक सुचवते, पटलं तर घ्या. तुमच्याकडे साप दिवसाढवळ्या वावरात चावतो, फणा काढून, फुत्कारून. चित्रकाराला सोपं. पण मण्यारीचा विचार करा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागतं, पापण्या जड होतात, गिळता येईना होतं, मग श्वास. घरच्यांना वाटतं, रात्री काहीतरी बाधलं असेल. आता असं धरा, घरात बाज एकच आहे. तिच्यावर कुणी झोपायचं यावरून रोज रात्री भांडण. त्या रात्री मुलगी जिंकली. दादा खाली झोपला.

गोष्ट इथे मुलीची होते. मोठ्यांच्या लेखी साप चावला आणि पोरगा गेला. तिच्या लेखी बाज मागितली आणि दादा गेला. भावंड गमावलेल्या मुलांच्या मनात ‘माझ्यामुळं झालं’ ही गाठ इतकी हटकून सापडते की मी नंतर नंतर ती शोधूनच बघायची. भांडणात ‘मर तिकडं’ म्हटलेलं असतं, नवा सदरा त्याला मिळाला म्हणून मनात जळलेलं असतं, आणि मग तेच खरं कारण होऊन बसतं. तुमच्या मुलीनं बाजेचं बराच काळ कुणालाच सांगू नये. फक्त वाचणाऱ्या मुलाला ते माहीत असावं. तोवर तिचं गुपित वाचणारा सांभाळतो, आणि म्हणून पान उलटतो.

बापाचंही एक गुपित असू द्या. पहाटे पोराला त्यानं आधी मारुतीच्या देवळात नेलं, मग जाणत्याकडे, आणि उजाडल्यावर गाडी शोधली. सरकारी दवाखान्यात सापाची लस मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर तीच एक चालते. तो वेळेत पोचला असता तर. हे ‘तर’ बापाला माहीत आहे, मायला माहीत आहे, घरात कुणी उच्चारत नाही. इथे अंधश्रद्धेवर भाषण घालण्याचा मोह होईल, मास्तरीणबाईच्या तोंडी तर फारच. घालू नका. हवंच असेल तर पुस्तकाच्या शेवटी अर्धं पान वेगळं द्या: साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना, १०८ ला फोन. ते माहितीचं पान माहितीचंच राहू द्या.

(भाऊ लांबत गेलेल्या आजारानं गेला असता तर सगळं वेगळं बांधावं लागलं असतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार आपल्या भागात पुष्कळ आहे, तो आई आणि बाप दोघांकडून मिळून येतो, आणि मग मागच्या भावंडाच्या पोटात ‘आता माझी पाळी’ ही भीती बसते. ती दुसरी गोष्ट. कधीतरी कुणीतरी लिहायला हवी.)

मरण किती दाखवावं, याला माझं उत्तर: मुलीला जेवढं दिसलं तेवढं सगळं, आणि साध्या शब्दांत. तिला मसणवट्यात नेणार नाहीत, म्हणून तिथलं काही लिहू नका. पण ओसरीत ठेवलेला दादा तिनं पाहिलाय. त्याच्या नाकात कापूस घातलेला पाहिलाय. त्या घरात कापूस कोपऱ्याकोपऱ्यात भरलेला असतो, पोरं त्यावर लोळतात, त्याची गादी, त्याची वात, त्याचे पैसे. तो आता दादाच्या नाकात आहे आणि दादा शिंकत नाही. एवढं लिहिलंत तरी पुरे. तसं तुमच्या सातव्या प्रकरणात माय श्रावणात कापूस वेचायला जाते, ते दुरुस्त करा. श्रावणात कपाशीची पऱ्हाटी हिरवी असते, बाया निंदणाला जातात. वेचणी दिवाळीच्या आसपास. तेव्हा मुलगी पहिलं बोंड हातात घेईल आणि तो नाकातला कापूस परत येईल. एका वाक्यात येऊ द्या, जास्त नको.

साध्या शब्दांचं मी माझ्या चुकीतून शिकले. पहिलीत एक पोरगा होता. पावसाळ्यात त्याची मोठी बहीण साप चावून गेली. तुम्हाला माहीतच आहे, गावात सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. आणि चावला म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. पंधरा दिवसांनी पोरगा शाळेत आला. मी तेव्हा वर्गाला पानं गोळा करायला लावली होती, वडाचं, पळसाचं, कडुनिंबाचं, वहीत चिकटवायला. हा पोरगा पानाला हात लावेना. मी रागावले. दुसऱ्या दिवशी बळेच त्याच्या हातात पळसाचं पान दिलं, तर पोरगा कापायला लागला आणि जागेवरच चड्डी ओली केली. मला वाटलं ताप आहे, घरी पाठवला. महिनाभरानं त्याची आजी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला सांगत होती, तेरवीला हा पत्रावळीवर जेवला नाही, उभ्यानं हातात भाकर घेऊन खाल्ली, आणि आता अंगणातल्या निंबाखालून जात नाही, लांबून वळसा घालतो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ताईला पान लागलं आणि ताई मेली. सहा वर्षांच्या त्या पोराला गावातलं प्रत्येक झाड माणसं मारणारं वाटत होतं. आणि मी त्याच्या हातात पान कोंबलं होतं.

मी त्याला साप हा शब्द सांगितला, चित्र दाखवलं, दात कुठं असतात ते दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मंग पान काहून म्हन्ते?” याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही.

तेव्हापासून हस्तलिखितात ‘दादा गेला’, ‘देवाघरी गेला’, ‘झोपला’ असं दिसलं की मी पेन्सिल उचलते. गेला म्हटलं की मूल विचारतं कोणत्या गाडीनं. झोपला म्हटलं की ते स्वतः झोपायला घाबरतं. आणि ‘देवाला आवडला’ हे तर सगळ्यांत वाईट, कारण मग आपण देवाला आवडू नये म्हणून काय करावं याचा विचार सुरू होतो. हे शब्द पुस्तकात नकोत असं नाही. माणसं असंच बोलतात, बोलू द्या. पण कुणीतरी एकानं तिला सांगावं की दादा मेला, त्याचा श्वास थांबला, त्याला आता भूक लागत नाही, दुखत नाही, आणि तो परत येणार नाही. आजी सांगू शकते. आज्या पुष्कळदा मोकळ्या असतात याबाबतीत.

आठ वर्षांच्या मुलीला हे कळेल का, असं तुम्ही समासात लिहिलंय. हंगेरीच्या मारिया नागी यांनी बुडापेस्टच्या आसपासच्या ३ ते १० वर्षांच्या मुलांना मरणाविषयी बोलतं केलं होतं, चित्रं काढायला लावली होती. ते १९४८ साली छापून आलं. त्यात अगदी लहान मुलांना मरण म्हणजे कुठंतरी निघून जाणं किंवा झोप वाटत होती, पाच ते नऊमधल्यांना मरण म्हणजे येऊन नेणारा कुणी माणूस, आणि नऊच्या पुढे ते सगळ्यांना आहे आणि परत फिरत नाही हे उमगलेलं. पुढच्या अभ्यासकांना बरीच मुलं पाच-सातव्या वर्षीच एवढं समजलेली दिसली. आपल्या गावातली मुलं तर बकरी, वासरू, बैल डोळ्यांसमोर मरताना पाहतात. तुमच्या मुलीला कळेल. पण कळल्यावरही ती भाकरीचा अर्धा तुकडा दादासाठी झाकून ठेवेल, आणि दोन्ही खरं असेल.

तिला सतत दुःखी ठेवू नका. मुलांचं दुःख श्रावणाच्या सरीसारखं असतं, येतं, भिजवतं, आणि लगेच ऊन पडतं. तेरवीच्या पंगतीत दुसऱ्या पोरींबरोबर ती खिदळेल, बुंदी मागून घेईल. मग एखादी मावशी म्हणेल, पाहा, हिले काही वाटते का? हा प्रसंग तुमच्याकडे नाही, घ्या. आणि मग चार महिन्यांनी, कुणी काही बोललेलं नसताना, शाळेत तिच्या पोटात दुखायला लागेल, रोज, साधारण त्याच वेळेला. मोठी माणसं तोवर ‘पोरगी सावरली’ म्हणून मोकळी झालेली असतात.

मावशीवरून आठवलं. मुलगा जाऊन मुलगी मागं राहिली की आपल्याकडे एक वाक्य बोललं जातं, तुम्हीही ऐकलं असेल. “हे राह्यली अन् पोरगा गेला.” तुम्ही ते टाळलंय. मुलांच्या पुस्तकात कसं घ्यावं, असं वाटलं असणार. मी म्हणेन घ्या, एकदाच, आणि खाष्ट बाईच्या तोंडी देऊ नका. जी बाई तिला मायेनं जेवू घालते, डोक्याला तेल लावते, तिनंच ते सहज बोलावं. ज्या मुलींनी हे ऐकलंय त्या पुस्तकातून मान वर करून बघतील.

धीर देणाऱ्या कथांचंही तसंच. तुमचा म्हातारा पाटील तिला गाडगेबाबांची आठवण सांगतो: कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याचा निरोप आला, आणि असे कोट्यवधी गेले, एकासाठी काय रडू, म्हणून बाबांनी कीर्तन पुढं चालू ठेवलं. शेंडगावच्या त्या माणसाबद्दल आपल्या मुलखात किती जीव आहे हे मी सांगायला नको. पण ती आठवण मोठ्यांची आहे. आठ वर्षांची पोरगी त्यातून एवढंच घेईल की रडलं तर चूक. किसा गोतमीची मोहरी तशीच. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, असं बुद्धांनी लेकरू मेलेल्या त्या आईला सांगितलं. आईला त्यातून समज येते. मुलीला भीती वाटते, म्हणजे आता माय पण मरणार? म्हाताऱ्याला सांगू द्या गोष्ट, पण ती ऐकून मुलगी शांत झाली असं लिहू नका. रात्री उठून ती मायच्या नाकाखाली बोट धरून बघते, असं लिहा.

मोहरीच्या गोष्टीवरून घर कोणतं हा प्रश्न निघतो. दुसऱ्या प्रकरणात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, आणि पाचव्यात नदीवर पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून सगळे ताटकळले आहेत. हे एका घरात कसं? आपल्याकडे १९५६ नंतर गावंच्या गावं धम्मात गेली. त्या घरांत कावळ्याची वाट बघत नाहीत, तिथं त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतात. गोंड, कोलाम घर असेल तर आणखी वेगळं, आणि दहा वर्षांच्या पोराला पुरायचं की अग्नी द्यायचा हेही घराघरावर आहे. कावळ्याचा प्रसंग छान लिहिलाय म्हणून ठेवू नका. कोणतंही घर घ्या, पण एक घ्या, आणि त्या घरातल्या कुणाला तरी पानं वाचून दाखवा.

पुढचं मी कावळ्यावाल्या कुणबी घराचं धरून लिहिते. राखी काढा. राखी झाडाला बांधणारी बहीण मी आतापर्यंत चार हस्तलिखितांत वाचलीय; तुमची पाचवी. तुमच्या हाताशी त्याहून जबर गोष्टी पडल्या आहेत आणि तुम्ही त्यांना शिवलाच नाहीत. दादा आषाढाच्या शेवटी गेला असं केलंत तर सुतकातच नागपंचमी येते. साप चावून पोरगा गेलेल्या घराच्या शेजारीपाजारी नागाची पूजा! आदल्या दिवशी बाया भावासाठी उपास धरतात. त्यामागं सत्येश्वरीची कथा सांगतात, तिचा भाऊ नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेला, ती अन्नपाणी सोडून बसली आणि तिला भाऊ नागाच्या रूपात दिसला. भावासाठी रडणाऱ्या बहिणीची इतकी जुनी कथा, आणि तिच्यात सापच भाऊ होतो. तुमच्या मुलीला हे कुणी सांगितलं तर ती काय करेल? मला वाटतं चिडेल. सारवलेल्या भिंतीवर शेजारणीनं काढलेला नाग ओल्या फडक्यानं पुसून टाकेल. मार खाईल. पण ते तिनं केलेलं पहिलं काम असेल.

मग श्रावण अमावस्येला पोळा. त्याच दिवशी पिठोरीची कहाणी वाचतात, ज्यात एका बाईची मेलेली सात मुलं एकदम जिवंत होऊन परत मिळतात. मोठ्यांच्या कानावरून ती दरवर्षी जाते. भाऊ गेलेल्या मुलीच्या कानावर यंदा प्रथमच पडते. “मंग आपला दादा?” हा प्रश्न कहाणी वाचणाऱ्या आजीला पेलणार नाही, आणि न पेललेलाच ठेवा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात आणि त्यांना म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दरवर्षी हे काम बाप आणि दादा करत. यंदा वाटी धरायला मुलगी आहे. कोठ्यात अंधार, बैलाच्या घशाची घरघर, बापाचा हात खांद्यावरून फिरतोय. बाजेचं इथे बाहेर पडू द्या. ती म्हणेल, बाज मी मागतली होती. आणि बाप लगेच तिला जवळ बिवळ घेणार नाही. तो खांदे शेकत राहील, आणि थोड्या वेळानं देवळाचं सांगेल, बैलाकडे बघत. दोघांनी आपापलं सांगितलं, एवढंच. बाप ‘तुझी काही चूक नाही बेटा’ म्हणाला तर ते वाक्य शहरातल्या पुस्तकातून आलेलं वाटेल. त्यानं म्हणावं, “तू बाजेवर निजली म्हून जनावर आलं नाई वं. ते आलंच असतं.” यात तिची सुटका आहे, त्याची नाही. त्याची नसावीच, एवढ्यात.

शाळा तुम्ही फार पटकन उरकलीय. आधी दोन बारीक दुरुस्त्या. शाळा १५ जूनला उघडली असं लिहिलंय. विदर्भात उन्हापायी ती जूनअखेरीला उघडते. आणि तुमच्या मुलीला वेगळा वर्ग, वेगळ्या बाई. चौथीपर्यंतच्या अशा शाळेत बहुधा दोनच मास्तर असतात, तिसरी-चौथी एका खोलीत. म्हणजे भाऊ-बहीण एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टाटपट्टीवर बसत होते! पहिल्या दिवशी ती येते तेव्हा त्याची जागा डोळ्यांसमोर आहे. पोरं तिथं बसत नाहीत, दप्तरं ठेवत नाहीत, कुणी सांगितलेलं नसताना. मास्तर हजेरी घेतात. तिसरी संपते, चौथी सुरू होते. दादाच्या आधीचं नाव येतं. मग?

मला हे दोनदा करावं लागलंय. हजेरीतलं नाव एकदम खोडता येत नाही, पटावरून कमी करायची रीत असते, दाखल-खारीज रजिस्टरला शेरा लिहावा लागतो. तोवर महिन्याच्या पानावर ते नाव राहतं आणि त्याच्यापुढं रोज रिकामा चौकोन. एकदा मी नाव वगळून पुढं गेले, तर मागून एक पोरगं ओरडलं, “मॅडम, एक राह्यला!” दुसऱ्या वेळी, शहाणी झाल्यावर, आधी मुलांना सांगितलं की आज हे नाव मी घेणार नाही, का ते तुम्हाला माहीत आहे, आणि ज्याला त्याच्याबद्दल काही सांगायचं असेल त्यानं सांगावं. मुलांनी सांगितलं की तो चिंचा चोरायचा आणि वाटायचा नाही. त्याची बहीण हसली. महिन्यात पहिल्यांदा. तुम्हाला वापरायचं असेल तर हे घ्या, माझं नाव नको.

भाषेचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, हे ठीक आहे, पण तुमची वऱ्हाडी फक्त विनोदापुरती येते. सालदार वऱ्हाडीत बोलतो आणि सगळे हसतात, माय मात्र रडताना एकदम पुस्तकी: “माझ्या बाळा, तू मला सोडून का गेलास?” आपल्या बाया अशा रडत नाहीत. त्या गेलेल्याचं एकेक काम आठवून, त्याच्याशी बोलत, सुरात रडतात. “आता माही बकरी कोन आणीन रे बाप्पा.” ही बकरीची ओळ तुमच्या त्या अकरा रडण्यांपेक्षा जड आहे.

उरला तारा. तो काढा. तो कुठल्याही गावातला, कुठल्याही घरातला तारा आहे, आणि आजीनं एकदा दादा मेला म्हणून सांगितल्यावर लेखकानं त्याला परत डोळे मिचकवायला लावायचे म्हणजे आजी खोटी पडते. आभाळच हवं असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. भाऊबीजेला, जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. शेजारची काकू मायेनं ताट करून आणते आणि म्हणते, चाल, चंद्राले ओवाळ. मुलगी अंगणात ताट घेऊन उभी. तिला भाऊ आहे की नाही? सुट्टी लागायच्या आधी शाळेत एक तक्ता भरायचा होता, भावंडं किती, आणि ती पेन्सिल तोंडात धरून बसली होती. तिनं चंद्राला ओवाळावं की ताट तसंच घरात न्यावं, हे मी सांगणार नाही. तुम्ही ठरवाल तेही चालेल, फक्त काकूनं, मायनं किंवा मास्तरांनी तिच्यासाठी ठरवू नये. आणि ते दोन रुपये कुठंतरी परत यायला हवेत, त्याच्या लाकडी नंदीच्या पोटाखाली चिकटवलेले म्हणा, दप्तराच्या शिवणीत म्हणा. तिनं ते खर्च केले तर मला आवडेल. शेंगदाण्याच्या चिक्कीवर.

पुढचा खर्डा शाळा उघडायच्या आत जमला तर पाठवा. आमच्या गल्लीतली तिसरी-चौथीची सात-आठ पोरं संध्याकाळी ओसरीवर येतात, त्यांना वाचून दाखवीन आणि कोणत्या पानावर चुळबुळ करतात, कोणत्या पानावर गप्प होतात ते समासात खूण करून कळवीन. पानांना नंबर टाका, या वेळी टाकले नव्हते.